अर्टिगासाठी सबवूफर: प्रो ऑडिओचा १५ इंची घ्यावा की कार ऑडिओचा १२ इंची?

दांडियाबाजारकर:

नमस्कार मंडळी.

मी बडोद्याला दांडिया बाजारात राहतो. घरची गाडी अर्टिगा आहे. कामानिमित्त एक्सप्रेसवेवरून अहमदाबादला नेहमीच जाणे होते आणि सणावारी नातेवाइकांकडे पुण्याला. दारांतले मूळ स्पीकर काढून चांगले कंपोनंट स्पीकर बसवून घेतले, तेव्हापासून आवाज स्वच्छ येतो. परंतु गाडीने वेग घेतला की तानपुऱ्याचा खर्ज आणि डग्ग्याचा घुमारा रस्त्याच्या घरघरीत बुडून जातो. मी मुख्यतः ख्यालगायन आणि नाट्यसंगीत ऐकतो. चिरंजीवांना इलेक्ट्रॉनिक संगीत लागते आणि त्यातला बास त्यांना अंगावर जाणवायला हवा असतो. दोघांचेही समाधान होईल असा एक सबवूफर, म्हणजे फक्त खालचे सूर वाजवणारा मोठा स्पीकर, मागे बसवायचा आहे.

माझ्यासमोर दोन पर्याय आहेत. ओळखीचे एक साउंडवाले नवरात्रात गरब्याला सिस्टिम पुरवतात. त्यांनी यंदा नवे सबवूफर घेतले असून जुन्या पेट्यांतले १५ इंची वूफर ते सुटे विकत आहेत. हे प्रो ऑडिओचे, म्हणजे जाहीर कार्यक्रमांसाठी बनवलेले. माहितीपत्रकावर ८ ओहम, ५०० वॅट एईएस (सलग नॉइज देऊन काढलेली ताकद) आणि सेन्सिटिव्हिटी, म्हणजे एका वॅटला मिळणारा आवाज, ९७ डेसिबल असे आकडे आहेत. दुसरा पर्याय कार अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानातल्या नव्या १२ इंची सबवूफरचा आहे. त्याला ४-४ ओहमच्या दोन कॉइल (आतल्या तारेच्या गुंडाळ्या) आहेत, ताकद ५०० वॅट आरएमएस (सलग झेपणारी) आणि सेन्सिटिव्हिटी ८६ डेसिबल. किंमत जवळपास सारखीच पडते. मोनो अँप्लिफायर माझ्याकडे आहे. तो ४ ओहमवर ३०० वॅट आणि २ ओहमवर ५०० वॅट देतो.

आता ९७ आणि ८६ यांत ११ डेसिबलचा फरक आहे. म्हणजे प्रो वूफर एका वॅटमध्ये जेवढा आवाज देतो, तेवढ्यासाठी कारच्या सबवूफरला बारा वॅटहून अधिक द्यावे लागतील. असे असताना गाडीत सगळे जण कमी सेन्सिटिव्हिटीचाच सबवूफर का बसवतात? नवलखी मैदानावर एवढ्या मोठ्या जमावाला पुरणारा वूफर सात माणसांच्या गाडीत कमी कसा पडेल, हे मला समजून घ्यायचे आहे. दुकानदार म्हणतो, "प्रो गाडीत चालत नाही," आणि साउंडवाले म्हणतात, "कारवाल्यात दम नसतो." कारण मात्र दोघांपैकी कोणीच सांगत नाही.

---

खर्ज_आणि_गणित:

दांडियाबाजारकर, आपला प्रश्न अगदी योग्य आहे आणि आपण आकडे दिल्यामुळे उत्तरही आकड्यांतच देता येईल.

पहिली गोष्ट, सेन्सिटिव्हिटीचा आकडा सबवूफरच्या कामाच्या पट्ट्यातला नसतो. ९७ डेसिबल हा आकडा वूफरच्या सपाट पट्ट्याचा, म्हणजे बहुतेक वेळा १०० हर्ट्झच्या वरचा असतो. आपल्याला हवा आहे ३० ते ८० हर्ट्झचा पट्टा, आणि तिथे वूफर किती वाजेल हे तो कोणत्या आकाराच्या पेटीत बसवला आहे यावर ठरते. अमेरिकेतल्या केएलएच या स्पीकर कंपनीच्या नावातला 'एच' ज्यांचा, त्या अँटन हॉफमन यांनी यासंबंधी मांडलेला नियम आजही तसाच लागू पडतो: खोल बास, जास्त सेन्सिटिव्हिटी आणि लहान पेटी या तिन्ही गोष्टी एकत्र मिळत नाहीत, कोणत्याही दोन घेतल्या की तिसरी सोडावी लागते. प्रो ऑडिओवाल्यांनी लहान पेटी सोडली, कारण मैदानावर जागेला तोटा नसतो. कार ऑडिओवाल्यांनी सेन्सिटिव्हिटी सोडली, कारण डिकीत जागाच नसते.

हे दोन्ही वूफर प्रत्यक्ष हातात घेऊन पाहिले तर ही तडजोड डोळ्यांना दिसते. प्रो वूफरचा कोन, म्हणजे पुढचा शंकूसारखा पडदा, हलक्या, कडक कागदाचा असतो आणि त्याची किनार घड्या घातलेल्या कापडाची असते. कोन एका दिशेला पाच-सहा, फार तर आठ-दहा मिलिमीटर सरकतो. कारच्या सबवूफरचा कोन जड असतो, किनार रबराची किंवा फोमची, बोटभर फुगीर, आणि तो दीड-दोन सेंटिमीटर सहज सरकतो. हलका कोन थोड्या वॅटमध्ये जोरात वाजतो, पण लहान पेटीत बसवला की पेटीतली हवा त्याला कडक स्प्रिंगसारखी अडवते आणि त्याचा अनुनाद, म्हणजे ज्या हर्ट्झला तो आपणहून डोलतो तो आकडा, वर चढतो. जड कोन वॅट जास्त खातो, पण लहान पेटीतही खाली उतरतो.

आता गणित. नेव्हिल थील आणि रिचर्ड स्मॉल यांनी ऑस्ट्रेलियात बसवलेल्या पद्धतीमुळे हे कागदावर आधीच पाहता येते. आपल्या वूफरचे पूर्ण तपशील आपण दिलेले नाहीत, म्हणून त्या जातीच्या वूफरमध्ये सर्रास आढळणारी मूल्ये धरतो. एफएस म्हणजे पेटीबाहेरच्या वूफरचा अनुनाद, क्यूटीएस म्हणजे त्या अनुनादापाशी कोन किती आवरलेला राहतो याचा आकडा, आणि व्हीएएस म्हणजे कोनाच्या टांगणीइतकीच लवचीक असलेली हवा, लिटरमध्ये. १५ इंची प्रो वूफर: एफएस ४० हर्ट्झ, क्यूटीएस ०.३५, व्हीएएस १५० लिटर. तो ५० लिटरच्या बंद पेटीत बसवला तर १५० भागिले ५० म्हणजे ३, त्यात १ मिळवून ४, आणि त्याचे वर्गमूळ २. म्हणून अनुनाद ४० वरून दुप्पट होऊन ८० हर्ट्झवर जातो आणि क्यूही ०.३५ च्या दुप्पट, म्हणजे ०.७ होतो. १२ इंची कार सबवूफर: एफएस २८ हर्ट्झ, क्यूटीएस ०.५, व्हीएएस ५० लिटर, पेटी ३० लिटरची. हीच रीत लावली तर अनुनाद ४६ हर्ट्झच्या आसपास येतो आणि क्यू ०.८ च्या थोडा वर.

यावरून एका वॅटचा आवाज काढला, तर ६० हर्ट्झवर प्रो वूफर सुमारे ९१ डेसिबल आणि कार सबवूफर सुमारे ८६ डेसिबल देतो. ११ डेसिबलची आघाडी ५ वर आली. आणखी खाली, ३० हर्ट्झवर, प्रो सुमारे ८० आणि कार सुमारे ७९. तिथे आघाडी जवळजवळ संपली, आणि तीही कारच्या पेटीला वीस लिटर कमी देऊन.

यात आपला अँप्लिफायर मिळवा. प्रो वूफर ८ ओहमचा असल्यामुळे त्याला ४ ओहमच्या निम्मे, म्हणजे साधारण १५० वॅटच मिळतील. कार सबवूफरच्या दोन्ही कॉइल समांतर जोडल्या की २ ओहम होतात आणि त्याला ५०० वॅट मिळतात. हा फरक कारच्या बाजूने ५ डेसिबलचा आहे. ६० हर्ट्झवर दोघे बरोबरीत येतात आणि ३० हर्ट्झवर कार सबवूफर सुमारे ४ डेसिबलने पुढे जातो.

सेन्सिटिव्हिटीचा आकडा एका वॅटला मोजलेला आहे की २.८३ व्होल्टला, हेही माहितीपत्रकात अवश्य पाहावे. ८ ओहमवर दोन्ही एकच आहेत; परंतु २ ओहमवर २.८३ व्होल्ट म्हणजे ४ वॅट होतात आणि आकडा ६ डेसिबलने फुगलेला दिसतो.

---

तारजोडणी:

वरच्या गणितावर एक प्रश्न हमखास येतो, म्हणून आधीच लिहितो. "मग ८ ओहमवर ५०० वॅट देणारा अँप्लिफायर आणला तर?" बारा व्होल्टच्या गाडीत तसा अँप्लिफायर महाग पडतो, कारण कार अँप्लिफायर बनतातच ४, २ आणि १ ओहमसाठी. इन्व्हर्टर लावून त्यावर २३० व्होल्टचा प्रो अँप्लिफायर चालवण्याची सूचनाही कोणी तरी करील. ती कृपया मनावर घेऊ नये. दोन वेळा रूपांतर होऊन वीज वाया जाते आणि प्रवासी बसतात त्या जागेत २३० व्होल्ट आणण्याचे काहीच कारण नाही.

५०० वॅट काढताना क्लास डी अँप्लिफायर ८० टक्के कार्यक्षमतेने १३.८ व्होल्टवर सुमारे ४५ अँपिअर ओढतो. तेही सलग नाही. संगीतात सरासरी याच्या बरीच खाली राहते. मुख्य बॅटरीपासून मागपर्यंत २५ स्क्वेअर एमएमची शुद्ध तांब्याची वायर टाकावी आणि फ्यूज बॅटरीपासून फूट-दीड फुटाच्या आतच बसवावा. तो फ्यूज अँप्लिफायरसाठी नसून वायरसाठी आहे: वाटेत कुठे पत्र्याला घासून वायर उघडी पडली तर आग लागू नये म्हणून. बाजारात तांब्याचा नुसता मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची वायर खपवली जाते. वायरचे टोक चाकूने खरवडून पाहा. आत पांढरे निघाले तर ती घेऊ नका.

---

मांजलपूरचे_भजनी_मंडळ:

मला प्रो वूफरची बाजू मांडायची आहे, कारण आमच्या मंडळाच्या ईको व्हॅनमध्ये तो बसवलेला आहे आणि आम्ही पूर्ण समाधानी आहोत.

खर्ज_आणि_गणित यांचे आकडे मोकळ्या जागेचे आहेत. गाडीच्या आत एक वेगळीच गोष्ट घडते. ज्या तरंगाची अर्धी लांबी गाडीच्या आतल्या लांबीहून मोठी असते, त्या तरंगासाठी सगळी केबिन एकाच वेळी दाबली आणि सोडली जाते, आणि त्याखालचा बास आपोआप चढत जातो. सिद्धांतात हा चढ प्रत्येक सप्तकाला १२ डेसिबल असतो. प्रत्यक्षात फटी आणि थरथरणारे पत्रे यांमुळे कमी मिळतो. अर्टिगाची आतली लांबी तीन मीटरच्या आसपास धरली तर हा चढ साठ हर्ट्झच्या जरा खाली सुरू होईल. बंद पेटीतला प्रो वूफर ८० हर्ट्झच्या खाली सप्तकाला १२ डेसिबलनेच उतरतो. म्हणजे एकाचा उतार आणि दुसऱ्याचा चढ एकमेकांना बरेच भरून काढतात. उलट आपला कार सबवूफर आधीच ४६ हर्ट्झपर्यंत सपाट. त्यावर हा चढ बसला की तळ सुजतो आणि प्रत्येक गाण्यात एकच गुरगुर ऐकू येते. भजनात मृदंगाची प्रत्येक थाप मोजता आली पाहिजे. आमच्या गाडीत ती मोजता येते.

दुसरे असे की, आम्ही एखाद्या देवळापाशी गाडी लावून मागचा दरवाजा उघडतो आणि बाहेर बसलेल्या माणसांसाठी वाजवतो. दरवाजा उघडला की केबिनचा तो चढ संपतो आणि तिथे सेन्सिटिव्हिटीच कामाला येते. रात्री दहाच्या आत आवरतो आणि आवाज माफक ठेवतो, हे सांगायला नको.

---

खर्ज_आणि_गणित:

मांजलपूरकर, केबिनच्या चढाचा आपला मुद्दा मला पूर्ण मान्य आहे आणि तो मी पहिल्याच उत्तरात लिहायला हवा होता. परंतु तो चढ दोन्ही वूफरना सारखाच मिळतो, म्हणून दोघांमधला फरक त्याने बदलत नाही. बदलतो तो सूर: प्रो वूफर सपाट होतो आणि कार सबवूफरचा तळ वर उठतो. आता जास्तीचा तळ अँप्लिफायरच्या गेनने (आवाजाची पातळी ठरवणारे बटण), क्रॉसओव्हरने (सबवूफरने किती हर्ट्झपर्यंत वाजायचे ते ठरवणारा फिल्टर) किंवा इक्वलायझरने खाली आणता येतो. कमी असलेला तळ वर ओढायचा तर कोनाला जागा हवी, आणि प्रो वूफरकडे ती नाही.

तेही मोजून पाहू. १५ इंची कोनाचे क्षेत्रफळ सुमारे ८५० चौरस सेंटिमीटर. तो एका दिशेला ६ मिलिमीटर सरकत असेल तर ५१० घन सेंटिमीटर हवा हलवतो. १२ इंची कोन ५०० चौरस सेंटिमीटरचा, पण १५ मिलिमीटर सरकणारा. तो ७५० घन सेंटिमीटर हलवतो. दिसायला लहान असलेला वूफर तळाशी दीडपट हवा हलवतो. आवाज तोच ठेवून एक सप्तक खाली जायचे तर चौपट हवा हलवावी लागते, त्यामुळे ८० हर्ट्झवर आरामात वाजणारा कोन ४० वर दमतो. वरच्या उदाहरणातला प्रो वूफर ३० हर्ट्झवर १५० वॅटमध्येच आपल्या सहा मिलिमीटरच्या टोकाला पोहोचतो. म्हणून त्याला मोठा अँप्लिफायर लावूनही तळाला काही मिळणार नाही. कॉइल मॅग्नेटच्या खाचेबाहेर येईल आणि आवाज फाटेल. अर्थात, प्रो वूफरमध्येही दहा मिलिमीटर आणि त्याहून जास्त सरकणारे आहेत. ते घेतले तर ही तक्रार राहत नाही, पण किंमतही मग या किमतीची राहत नाही.

माझे मत असे की ही निवड तीन गोष्टींवर ठरते: पेटीला किती लिटर देता येतील, ऐकणारा गाडीच्या आत बसणार की बाहेर, आणि गाण्यात ४० हर्ट्झच्या खाली काही आहे की नाही. काळी एकचा षड्ज सुमारे १३९ हर्ट्झचा. त्या सुरात लावलेल्या तानपुऱ्याचा खर्ज ६९ हर्ट्झवर येतो. बास गिटारची सर्वांत खालची मोकळी तार ४१ हर्ट्झची. इथपर्यंत दोन्ही वूफर चालतील, आणि भजनी मंडळाला प्रो वूफर का आवडतो हेही यावरून कळते. इलेक्ट्रॉनिक संगीत मात्र ३० ते ५० हर्ट्झमध्ये सतत रेंगाळते. शिवाय वेगात धावणाऱ्या गाडीचा आवाज मुख्यतः खालच्याच पट्ट्यात असतो आणि तो नेमका तेवढा बास झाकतो. गाडी उभी असताना जो तळ जरा जास्त वाटतो, तो एक्सप्रेसवेवर बेताचा वाटतो.

तेव्हा दांडियाबाजारकर, पेटीला जागा किती देऊ शकता, हे सांगा.

---

दांडियाबाजारकर:

सर्वांचे मनापासून आभार. ११ डेसिबल कुठे जातात, हे आता समजले.

जागेचे असे आहे. तिसरी रांग दुमडलेली असताना मागे ५५० लिटर जागा मिळते, परंतु ती उघडली की कंपनीच्या आकड्यानुसार २०९ लिटरच उरतात. दिवाळीत आणि लग्नसराईत सातही जण असतात आणि त्यांच्या बॅगाही. त्या वेळी पेटी काढून घरी ठेवता आली तर उत्तम, किंवा सीटच्या मागे उभी राहिली पाहिजे. बाहेर वाजवण्याचा प्रश्नच नाही. मी काचा बंद करून ऐकतो.

साउंडवाल्यांना विचारले, तेव्हा त्यांच्या मैदानावरच्या पेट्या पोर्टवाल्या (हवा आत-बाहेर जायला नळी असलेल्या) आणि शंभर लिटरहून मोठ्या आहेत असे ते म्हणाले. तेवढी पेटी मला ठेवता येणार नाही. पण वापरलेला वूफर घेतलाच तर तो तपासायचा कसा, हेही कोणी सांगितले तर इतरांना उपयोग होईल.

---

साउंडलाइन_रावपुरा:

मी स्वतः साउंडच्या धंद्यात आहे. गरब्याच्या सिस्टिमबद्दल दोन शब्द लिहितो, म्हणजे आमचे वूफर कशासाठी बनतात हे लक्षात येईल.

मैदानावर आम्ही सबवूफर एकेकटे ठेवत नाही, शेजारी-शेजारी रचतो. दोन सारख्या पेट्या चिकटून ठेवल्या आणि दोघींना सारखे वॅट दिले की ६ डेसिबलपर्यंत आवाज वाढतो. अशा चार, आठ पेट्या मिळून हवा हलवतात. एका वूफरने मैदान भरत नाही. आणि साधारण ३५ हर्ट्झखालचे सगळे आम्ही प्रोसेसरमध्येच कापून टाकतो, कारण पोर्टवाली पेटी ज्या हर्ट्झला लावलेली असते त्याच्या खाली हवा कोनाला धरत नाही. कोन मोकळा सुटतो आणि वूफर बाद होतो. ढोलाच्या ठोक्याला त्याखाली काही लागतही नाही. मैदानात छातीवर जो धक्का बसतो, तो बहुतेक ५० ते १०० हर्ट्झचा असतो. तोच वूफर गाडीत बसवून त्याच्याकडून ३० हर्ट्झ मागणे हे त्याचे कामच नाही.

एईएसचा ५०० वॅटचा आकडा खरा असतो. दोन तास सलग नॉइज देऊन तो काढतात. म्हणून आमचे वूफर नऊ रात्री टिकतात. त्या बाबतीत मी त्यांच्यापुढे कार सबवूफरला मानत नाही, हेही स्पष्ट लिहितो. कार सबवूफर घेताना खोक्यावरचा हजार-दोन हजार वॅटचा मोठा आकडा पाहू नका, आरएमएस पाहा.

आता वापरलेला वूफर कसा तपासायचा. तो सपाट टेबलावर कोन वर करून ठेवावा. दोन्ही हातांची बोटे पसरून, मधल्या टोपीपासून सारख्या अंतरावर टेकवून, कोन सरळ खाली दाबावा आणि हळूहळू सोडावा. कान जवळ न्यावा. हालचाल लोण्यासारखी मऊ लागली पाहिजे. जराही खरखर ऐकू आली किंवा बोटांना घासल्यासारखे जाणवले, तर कॉइल वाकडी झालेली आहे किंवा तापून फुगलेली आहे. तो वूफर परत द्यावा. एकाच बाजूने दाबू नये, कारण तसे केले तर चांगला वूफरही घासतो. मग मॅग्नेटच्या मागच्या भोकाशी नाक न्यावे. जळक्या वार्निशचा वास एकदा बसला की वर्षानुवर्षे जात नाही. त्यानंतर मल्टिमीटरने टर्मिनलवर ओहम मोजावेत: ८ ओहमच्या वूफरला ५ ते ६.५ च्या दरम्यान आकडा आला पाहिजे. फारच कमी आला तर कॉइलचे वेढे एकमेकांना चिकटले आहेत, आणि काहीच आला नाही तर ती तुटली आहे. शेवटी किनारीखालचा गोंद पाहावा. कारखान्याचा गोंद सगळीकडे सारख्या रुंदीचा असतो; तो कुठे जाड, कुठे ओघळलेला दिसला तर कोन बदललेला आहे आणि मग माहितीपत्रकातले आकडे त्याला लागू राहत नाहीत. कोन बदललेला वूफर वाईटच असतो असे नाही, पण थील-स्मॉलचे गणित करून पेटी बनवायची असेल तर तो घेऊ नये.

प्रो ऑडिओचा गाडीत खरा उपयोग मला दारांत दिसतो. साडेसहा किंवा आठ इंची प्रो मिडबास १०० हर्ट्झच्या वर थोड्या वॅटमध्ये मोकळा आणि ठसठशीत वाजतो. त्याला खाली उतरावे लागत नाही, त्यामुळे त्याचा दोष उघडा पडत नाही. पुढेमागे दारांचे स्पीकर बदलायचे झाले तर त्याचा अवश्य विचार करावा. मात्र पावसाळ्यात दारात पाणी झिरपते आणि उघडा कागदी कोन ते सहन करत नाही, म्हणून आतून प्लास्टिकचा आडोसा ठेवावा.

---

मांजलपूरचे_भजनी_मंडळ:

पेटीची जागा आणि बंद काचा पाहता मीही १२ इंची कार सबवूफरच सुचवीन. एक विनंती आहे: क्रॉसओव्हर ८० हर्ट्झच्या वर नेऊ नका आणि सबवूफरचा फेज स्विच (कोनाची हालचाल उलट-सुलट करणारा) दोन्ही बाजूंना टाकून पाहा. ख्यालाची एखादी विलंबित चीज लावून डोळे मिटून ऐकावी. ज्या बाजूला डग्गा पुढून, गायकाच्या शेजारून वाजतो असे वाटेल, ती बाजू बरोबर. डिकीतून वाजत असल्यासारखा वाटला तर काही तरी चुकते आहे.

---

खर्ज_आणि_गणित:

साउंडलाइन यांनी तपासणीची रीत फार नेमकी लिहिली आहे. ३५ हर्ट्झखाली कापण्याच्या त्यांच्या मुद्द्यानंतर माझ्या गणिताला आणखी पुराव्याची गरज नाही.

दांडियाबाजारकर, आपल्यासाठी बंद पेटी आणि १२ इंची कार सबवूफर हेच योग्य आहे. पोर्टवाली पेटी आणखी जोरात वाजेल, पण तिला ५० लिटरच्या आसपास जागा लागेल आणि ज्या हर्ट्झला ती लावली आहे त्याखाली कापणारा सबसॉनिक फिल्टरही. आपल्या संगीताला आणि आपल्या जागेला बंद पेटी शोभते. आतून निव्वळ ३० लिटर हवेत. वूफर स्वतः दोन-अडीच लिटर व्यापतो, ते धरून सुताराला माप द्यावे. सीटच्या पाठीचा कल मोजून पेटीची मागची बाजू त्याच कोनात ठेवली तर ती सीटला लागून उभी राहील. मापे देण्यापूर्वी वूफरची खोली मात्र पट्टीने मोजा. पेटीच्या वरच्या अरुंद भागात मॅग्नेट मागच्या फळीला टेकला आणि पेटी पुन्हा बनवावी लागली, असे पुष्कळदा होते. लाकूड १८ मिलिमीटरचे प्लायवुड घ्यावे. बडोद्याच्या पावसाळ्यात एमडीएफ दमट हवा ओढून कडांना फुगतो आणि सांधे हवा सोडू लागतात. सांध्यांना आतून सिलिकॉन भरावा आणि वूफर लाकडी स्क्रूंवर न बसवता टी-नट आणि बोल्टवर बसवावा, कारण पेटी वरचेवर उघडली की स्क्रूची भोके सैल होतात.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ती पेटी बांधून ठेवा. वूफरसह तिचे वजन पंधरा किलोच्या पुढे जाईल, आणि अर्टिगात डिकी आणि प्रवासी यांच्यामध्ये भिंत नाही. एक्सप्रेसवेवर जोरात ब्रेक लागला तर सुटी पेटी सीटवरून पुढे येईल. सीटच्या लोखंडी पायांना किंवा जमिनीच्या अँकरला रुंद पट्टे लावून तिला दोन्ही बाजूंनी आवळावे. सणाला काढायची झाली तर पट्टे सोडले आणि स्पीकरचा प्लग ओढला की पेटी मोकळी.

---

दांडियाबाजारकर:

ठरले. १२ इंचीच घेतो. दुकानदाराकडून पूर्ण माहितीपत्रक मागवले. त्यात एफएस ३०, क्यूटीएस ०.४८ आणि व्हीएएस ४६ लिटर असे आकडे आहेत, आणि सेन्सिटिव्हिटी एका वॅटची असल्याचे स्पष्ट छापले आहे. आपल्या रीतीने हिशेब केला तर ३० लिटरमध्ये अनुनाद ४८ हर्ट्झवर आणि क्यू ०.७६ येतो. हे बरोबर आहे ना? मकरपुऱ्याच्या एका सुताराला प्लायवुडच्या पेटीचे माप रविवारी देणार आहे.

साउंडवाल्यांना नाही म्हणताना कारणही सांगितले. ३० हर्ट्झसाठी म्हणून घेत असाल तर घेऊच नका, असे ते स्वतःच म्हणाले.

---

खर्ज_आणि_गणित:

हिशेब अगदी बरोबर आहे. पेटीत पॉलिएस्टरचा कापूस सैलसर भरला तर क्यू आणखी थोडा खाली येईल. पिशवीभर आणून ठेवा, अर्धा भरून ऐका आणि मग उरलेला घाला. गेन लावण्यापूर्वी हेड युनिटचा, म्हणजे डॅशबोर्डवरच्या म्युझिक सिस्टिमचा, बास बूस्ट बंद करायला विसरू नका.